दहा फूट

आम्ही का हरलो, याचं उत्तर कुडचड्यात
ज्याच्या त्याच्याकडे तयार आहे.
पोदेर म्हणतो, वास्कोच्या पोरी उंच, मासळीवर वाढलेल्या.
जशा काही आमच्या पोरी पाल्यावर वाढल्या.
बसस्टँडवरचा तिकीटवाला म्हणतो, पंच.
पंचाचं नाव घ्यायला कुणाचं काय जातं?
कायतान सर काहीच म्हणत नाहीत.
शिट्टी गळ्यात तशीच,
पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवतात
आणि चुकवतात.

तीन सामन्यांची मालिका.
पहिला इथे, चर्चमागच्या सिमेंटवर,
अकरा गुणांनी खिशात.
दुसरा वास्कोत गेला.
तिसरा मडगावच्या हॉलात, गुळगुळीत लाकडावर,
जिथे बूटसुद्धा उंदरांसारखे चिरकतात.
चार सेकंद उरलेले, एक गुण मागे,
आणि ग्लेनिशाला दोन फ्री थ्रो.
पहिला कमी पडला.
दुसरा रिंगच्या पुढच्या ओठाला लागून परत आला,
उधारी मागायला गेलेल्या माणसासारखा.

मी तिसऱ्या पायरीवर होतो.
मला तिथेच कळलं.
कारण कुडचड्याची रिंग मी केली आहे.
चार वर्षांमागे, सावर्ड्याच्या धक्क्यावर
मोडीत निघालेल्या बार्जची सळी वाकवून.
त्या दिवशी ऊन डोक्यावर, शिडी आखूड,
टेप घरी राहिलेली.
वितीने मापलं.
वीत ती वीत.
तीन बोटं खाली बसली असेल रिंग,
आणि पोरींचे हात चार वर्षं
त्या तीन बोटांना शिकत आले असतील.

परतीच्या बसमध्ये रुकैयानेही तेच काढलं.
मंगळवारी पाच जणी गॅरेजात.
ग्लेनिशा सगळ्यांच्या मागे, ग्रीसचे डाग मोजत.
“मिस्त्री, रिंग सकयल आसा न्हय?”
मी म्हणालो, बघतो.

रात्री शिडी लावली.
टेप नवी, टॉर्च दातांत.
एकदा मापलं. दोनदा.
सिमेंटचा उतार धरून पुन्हा.
दहा फूट.
नखभरही इकडेतिकडे नाही.
जन्मात एवढं नेमकं काम
माझ्या हातून दुसरं झालं नाही,
आणि मला त्याचा असा राग आला
की शिडीवरच बसून राहिलो.
सळीवर खाणीची तांबडी धूळ,
ती बोटांना लागली, बोटांची पँटला.

म्हणजे रिंग नव्हे.
सतरा वर्षांच्या पोरीचा हात
चारशे माणसांसमोर
बोटभर कमी पडला, एवढंच.
एवढंच तिला सांगायला
माझ्याकडे कुठलं अवजार आहे?

सकाळी त्या आल्या तेव्हा मी वरच होतो,
चारही बोल्ट सैल करून.
“होय गो!” खाली ओरडलो,
“तीन बोटं खाली होती. माझीच चूक.”
मग तेच बोल्ट त्याच भोकांत
पुन्हा आवळले, अगदी घाम येईस्तोवर.

ग्लेनिशा रेषेवर उभी राहिली.
पहिला बॉल लांब गेला, बोर्डावर आपटून थेट गटारात.
“बघ, किती वर गेली रिंग,” प्रणिता म्हणाली.
“सवय करावी लागेल,” ग्लेनिशा म्हणाली,
आणि रविवारनंतर पहिल्यांदा
तिने मान वर केलेली मी पाहिली.
रिंग कुठे आहे ते बघायला का होईना.

कायतान सर खांबाजवळ आले.
वर पाहिलं.
रिंगची पट्टी, पट्टीच्या कडेचा जुना रंग,
सुतभरही न सरकलेला.
मग माझ्याकडे पाहिलं.
मी पान्हा पुसत बसलो, पुसलेलाच.

त्यांनी शिट्टी तोंडात घातली.